जुन्या गल्ल्या, जुनी लेन्स



हल्लीच्या कॅमेऱ्याला डोळा आहे आणि मेंदूही आहे. समोर माणूस आला की तो आपणहून त्याचा चेहरा शोधतो, उजेड किती ते ठरवतो, फोकस करतो. फोटो काढणाऱ्यानं फक्त बटण दाबायचं. अशा शहाण्या कॅमेऱ्याला मुद्दाम चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, सगळं हातानं करावं लागणारी लेन्स लावायची आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांमधून हिंडायचं, असा छंद असलेली काही माणसं आहेत. मी त्यांच्यातला एक. घरचे याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात. कवितेलाही ते हेच म्हणत आले, त्यामुळं मला त्याचं काही वाटत नाही.

आधी थोडं यंत्राविषयी सांगतो. फिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असायचा. त्या आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून लेन्स फिल्मपासून साडेचार सेंटीमीटरच्या आसपास दूर बसवलेली असे. २००८च्या सुमारास बिनआरशाचे डिजिटल कॅमेरे बाजारात आले आणि हे अंतर दोन सेंटीमीटरच्याही आत आलं. मधली जी मोकळी जागा मिळाली, तेवढ्या जाडीची एक धातूची रिंग घातली की कुठल्याही कंपनीची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. रिंगमध्ये ना काच, ना तार. पण एवढ्या एका रिंगेनं कपाटात आणि भंगारात पडलेल्या लेन्सना पुन्हा दिवस दाखवले.

माझ्याकडची पहिली लेन्स हेलिऑस. सोव्हिएत रशियात झेनिट नावाच्या कॅमेऱ्याबरोबर ती मिळायची. मूळ रचना जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची, महायुद्धानंतर रशियन कारखान्यांनी ती उचलली आणि लाखांनी लेन्स काढल्या. सहा काचा, अठ्ठावन्न मिलिमीटर, अंगावर पितळ आणि अॅल्युमिनियमचं वजन. शहरातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या सामानात ती मला मिळाली. एका खोक्यात लेन्स, दोन रिकामी रिळं आणि काही कोऱ्या पाठीचे फोटो. त्या फोटोंविषयी पुढं बोलेन.

हेलिऑसची कीर्ती आहे ती तिच्या एका खोडीमुळं. छिद्र पूर्ण उघडं ठेवून जवळच्या माणसावर फोकस केला की त्याच्या मागचं सगळं विरघळतं, आणि नुसतं विरघळत नाही तर गोल गोल फिरल्यासारखं दिसतं. मागं झाडाची पानं असतील तर भोवऱ्यासारखी दिसतात. तरुण मुलांना हे फार आवडतं. खरं सांगायचं तर हा लेन्सचा दोष आहे. कडेच्या उजेडाला ती नीट सांभाळू शकत नाही, म्हणून असं होतं. पण दोषालाच लोक नखरा म्हणतात, हे काही फक्त लेन्सच्याच बाबतीत होतं असं नाही.

आता शहराकडं येतो. आमचं शहर म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, २०२३पर्यंतचं औरंगाबाद. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकी या गावी ते वसवलं. अंबर हबशी, गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला. पुढं त्याच्या मुलाच्या नावावरून काही काळ फतेहनगर झालं, आणि औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. बावन्न आज कुणी मोजून दाखवू शकणार नाही, पण भडकल दरवाजा आहे, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई, रोशन, रंगीन असे काही उभे आहेत. मुख्य चार दरवाजे चार दिशांना, आणि ज्या गावाकडं रस्ता जातो त्याचं नाव दरवाज्याला. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दक्षिणेला, मक्केचा पश्चिमेला. चौथा जालन्याचा, पूर्वेला.

फोटो काढणाऱ्याला या दिशा पाठ हव्यात. दिल्ली दरवाज्याचं बाहेरचं तोंड उत्तरेला, म्हणजे थंडीत दिवसभर तिथं सावली. पर्यटक डिसेंबरात येतात आणि काळवंडलेला दरवाजा घेऊन जातात. आमचं शहर साधारण वीस अक्षांशावर आहे. त्यामुळं २० मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेकडून असतो. या दोन महिन्यांत दिल्ली दरवाज्याच्या तोंडावर वरून तिरपं ऊन उतरतं आणि दगडातली प्रत्येक कोरलेली रेघ दिसायला लागते. पण जूनमध्ये पावसाचे ढग येतात, म्हणजे हाताशी उरतात मे महिन्याच्या शेवटापासूनचे फार तर तीन आठवडे. त्या उन्हात बारा वाजता तिथं उभं राहायला वेडच लागतं, हे मान्य.

मकाई दरवाज्याचं उलट. तो मावळतीच्या बाजूचा. संध्याकाळी गावातून त्याच्याकडं पाहिलं की कमानीतून सूर्य थेट लेन्समध्ये येतो. नव्या लेन्सच्या काचांवर कितीतरी थरांचे लेप असतात, त्या असा उजेड गिळून टाकतात. जुन्या लेन्सवर एकच पातळ लेप, त्यामुळं आतल्या काचांमध्ये उजेड इकडून तिकडं उड्या मारतो आणि सगळ्या चित्रावर दुधासारखा पडदा येतो. काही जण यासाठीच जुनी लेन्स घेतात. मी मात्र दरवाज्याच्या खांबाआड सूर्य लपवतो, डाव्या हाताची सावली लेन्सवर धरतो आणि तो पडदा टाळतो. त्या कमानीखालून बरीच वर्षं रिक्षा, स्कूटर, हातगाड्या जात आल्या. धुरानं आतला चुना काळा झाला आहे, एका उंचीवर गाड्यांनी घासल्याच्या रेघा आहेत. मला ते दिसायला हवं असतं. दुधाच्या पडद्यात ते सगळं साजरं होऊन जातं.

बीबी का मकबरा मी फारसा काढत नाही, कारण त्याला काढणारे पुष्कळ आहेत. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ताजमहालाची नक्कल म्हणून त्याला हिणवतात. पण तो सगळा संगमरवरी नाही, घुमटाला संगमरवर आणि मधल्या बऱ्याच भागाला बारीक घोटलेला चुन्याचा गिलावा आहे. भर दुपारी दोन्ही पांढरे एकच दिसतात. सकाळच्या पहिल्या उन्हात मात्र संगमरवर थंड राहतो आणि गिलावा साईसारखा पिवळसर होतो. जुन्या लेन्सला काळ्या-पांढऱ्याचा कडक भेद करता येत नाही, ती सगळं जरा मऊ करते. इथं हा मऊपणा उपयोगी पडतो, दोन पांढऱ्यांमधला फरक जपला जातो.

पण माझा जीव रमतो तो गल्ल्यांमध्ये. गुलमंडी, मछली खडक, सराफा, रंगारगल्ली, जुना बाजार, लोटा कारंजा, नवाबपुरा. या नावांतच शहराचा अर्धा इतिहास आहे. गल्ली सात-आठ फुटांची. तिथं हेलिऑस काही कामाची नाही. माझ्या कॅमेऱ्याची पट्टी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, त्यामुळं अठ्ठावन्नची लेन्स सत्याऐंशीसारखी वागते. समोरच्या दाराची फक्त कडी येते, आणि मागं सरकावं तर आपण दुसऱ्याच्या ओट्यावर. गल्लीसाठी अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स लावायची. तीही जुनी, हाताचीच.

तिची रीत अशी. छिद्राची रिंग आठच्या आकड्यावर ठेवायची. अंतराची रिंग तीन मीटरवर. मग साधारण दोन मीटरपासून साडेसात मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्वच्छ येतं. म्हणजे ओट्यावरचा माणूसही आणि त्याच्या मागचं दारही. एकदा हे बसवून ठेवलं की फोकस करायचाच नाही, डोळा मोकळा राहतो. तीन मीटर म्हणजे किती, हे मात्र पायांना माहीत असावं लागतं. मी घरच्या गच्चीवर फरशा मोजून सराव केला. आता समोर बकरी दिसली तरी मनात आधी मीटर येतात.

छायाचित्रणाच्या इतिहासात एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर या गृहस्थानं आपल्या खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचं चित्र घेतलं. तेव्हा चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. रस्त्यावरून घोडागाड्या गेल्या, माणसं गेली, पण हलणारं काहीच उमटलं नाही. तो गजबजलेला रस्ता चित्रात ओस पडलेला आहे. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत उभा होता, तो तेवढा उमटला, आणि पॉलिश करणाराही अंधुक दिसतो. फोटोत आलेला माणूस म्हणून जी पहिली नोंद सांगितली जाते ती ही. थांबलेल्याचा फोटो आला, जाणारे सगळे पुसले गेले.

त्याच पॅरिसमध्ये साठ वर्षांनी आत्जे नावाचा माणूस जुन्या गल्ल्यांचे फोटो काढत हिंडायचा. लाकडी कॅमेरा, भाता, अठरा बाय चोवीस सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटा, सगळं ओझं स्वतःच्या अंगावर. १९२५ साली खिशात मावणारा लायका कॅमेरा विक्रीला आला, तरी आत्जेनं १९२७ साली मरेपर्यंत जुना कॅमेरा सोडला नाही. त्याच्या बऱ्याच फोटोंचे वरचे कोपरे काळे गोल आहेत. उंच इमारत चौकटीत बसवण्यासाठी तो लेन्स वर सरकवायचा, आणि लेन्सची नजर तिथवर पोहोचायची नाही. त्यानं ते कोपरे लपवले नाहीत. त्याला दाराच्या कड्या, दुकानांच्या पाट्या, जिन्याचे कठडे नोंदवून ठेवायचे होते. चित्रकारांना आणि संग्रहालयांना तो ते विकायचा. आपल्याकडंही सहाव्या निझामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ असेच काचेच्या प्लेटा घेऊन निझामी मुलखात हिंडले.

आत्जेच्या रस्त्यांवरही माणसं फार नाहीत. आमच्या गल्लीत मात्र माणसाशिवाय फोटो निघतच नाही. आणि जुन्या लेन्सची खरी परीक्षा इथं होते. मोबाइलनं फोटो काढणारा चालता चालता काढतो, कुणाला कळत नाही. मी एका ठिकाणी उभा राहतो, रिंग फिरवतो, पुन्हा पाहतो, उजेडाची वाट पाहतो. तेवढ्यात मीच सगळ्यांना दिसलेला असतो. पोरं गोळा होतात. "चाचा, दीवार का फोटू कायको निकाल रे?" हा प्रश्न ठरलेला. मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो. "मोजणीवाले आहात का?" भिंतीचा फोटो म्हणजे मोजमाप, मोजमाप म्हणजे रुंदीकरण, आणि रुंदीकरण म्हणजे आपला ओटा जाणार. ही भीती पोकळ नाही. या शहरात रस्ता रुंद होताना घरांची तोंडं कापली गेलेली लोकांनी पाहिली आहेत. म्हणून मी आधी कॅमेरा खाली घेतो आणि मग बोलतो.

नाव विचारतात. मी सांगतो. एका गल्लीत नाव ऐकून माणूस जरा थबकतो, मग माझं बोलणं ऐकून म्हणतो, "तुमची मराठी फार छान आहे हो, कुठं शिकलात?" मी म्हणतो, "घरी." दुसऱ्या गल्लीत नाव ऐकून सलाम होतो आणि मग मी मराठीत काही बोललो की तिथले थबकतात. दोन्हीकडचं थबकणं मला आता ओळखीचं झालं आहे. ते संपेपर्यंत थांबायचं असतं. आमच्यातल्या काही बुजुर्गांना फोटो पसंत नसतो, तिथं विषय संपला. दारात बाई उभी असेल तर कॅमेरा वर जात नाही. पण गुलमंडीच्या मागच्या एका वाड्यात एक आजी मला म्हणाल्या, "बाहेरून काय काढता, आत या, तुळशीवृंदावन पाहा आमचं." आत गेलो. तासाभरानं चहा पिऊन निघालो तेव्हा दोनच फोटो झाले होते. भरभर चालणाऱ्याला त्या आजी भेटल्या नसत्या.

आता शिंपीचाचांविषयी सांगतो. जुन्या बाजाराकडच्या एका ओळीत त्यांचं दुकान, तीन हातांचं. माझा पुतण्या कॉलेजात आहे. त्यानं माझी हेलिऑस नेली आणि छिद्र पूर्ण उघडून चाचांचा फोटो काढला. फोटो सुरेख होता. पांढरी दाढी, चष्म्याच्या काचेत खिडकीचा उजेड, आणि मागं सगळं रंगांचं भिरभिरं. इंटरनेटवर त्याला भरपूर वाहवा मिळाली. प्रिंट घेऊन तो चाचांना द्यायला गेला, मी बरोबर होतो. चाचांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, "मैं तो अच्छा आया बेटा, मगर मेरी दुकान किधर गई?"

पुतण्याला वाटलं चाचांना कला कळत नाही. मला वाटतं, त्यांनी बरोबर तेच विचारलं जे विचारायला हवं. जुन्या शहराचा फोटो काढताना शहरच विरघळवून टाकायचं आणि त्या धुक्याला जुनेपणा म्हणायचं, ही सध्याची हौस मला पटत नाही. दुकान म्हणजे चाचांच्या चाळीस वर्षांच्या बसण्याची जागा. मी अठ्ठावीसची लेन्स लावली, छिद्र आठवर, कॅमेरा चाचांच्या छातीच्या उंचीवर अगदी सरळ धरला. तिरका धरला की भिंती आत पडल्यासारख्या दिसतात. आत उजेड कमी, म्हणून शटर सेकंदाचा तिसावा भाग. चाचांना म्हटलं, श्वास रोखा. ते म्हणाले, काज करताना रोज रोखतो. त्या फोटोत सगळं आलं. घड्या घालायची लाकडी दारं, शिवणयंत्र, खडू, गळ्यातला टेप, खुंटीवर न नेलेले कपडे, विजेचा मीटर, आणि अर्धी उर्दूत अर्धी मराठीत रंगवलेली पाटी.

पुढं मालकानं ती सगळी ओळ पाडून नवी बांधली. आता एकसारखी लोखंडी शटरं आहेत. चाचांना त्यातलं एक मिळालं, पण ईद आणि दिवाळीला येणारी जुनी गिऱ्हाइकं दुकान ओळखेनात. चाचांनी तो फोटो मोठा करून घेतला, काचेत बसवला आणि शटरच्या शेजारी बाहेर टांगला. लोक फोटो पाहतात आणि आत येतात.

अशा फोटोंच्या पाठीवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवतो. तारीख, गल्ली, कुणाचं घर, कोणत्या बाजूचं दार. शहराचं नाव फोटो काढला त्या दिवशी जे होतं ते. फोटोच्या पाठीवर नाव बदलायला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्याला पुढं शोधायचं आहे त्याला दोन्ही नावं ठाऊक असतीलच.

लेन्स सांभाळण्याविषयी दोन शब्द, कारण पत्रं येतात. आपल्याकडचा पावसाळा जुन्या लेन्सचा शत्रू. काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून रिंगा फिरवायच्या. विकत घेताना लेन्स उजेडाकडं धरून आरपार पाहा. थोडी धूळ असली तरी चालते, जाळं असेल तर सोडून द्या.

आता त्या स्टुडिओच्या खोक्यातले फोटो. एकंदर नऊ आहेत. आठ तर लग्नाचे. नववा एका गल्लीचा आहे. डावीकडं काळ्या दगडाची अर्धी कमान, तिच्यात दिव्याचा कोनाडा. उजवीकडं लाकडी सज्जा, त्याच्या तीन खांबांतला मधला मोडलेला आणि तारेनं बांधलेला. खाली सार्वजनिक नळ, नळाखाली कळशी. एक मुलगा धावतोय, त्याचे पाय तेवढे पुसट आलेत. पाठीवर काही लिहिलेलं नाही. तो हातात घेऊन मी बऱ्याच गल्ल्या पालथ्या घातल्या. नवाबपुऱ्यातल्या एका बुजुर्गांनी शपथेवर सांगितलं की ही त्यांच्या लहानपणची गल्ली, नळ त्यांच्याच दारातला. रंगारगल्लीतल्या एका काकांनी तितक्याच खात्रीनं सांगितलं की सज्जा त्यांच्या मामांचा आहे. दोघांनीही मुलाला ओळखलं, आणि दोघांनी नावं वेगवेगळी सांगितली. मी दोन्ही नावं पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत.